माझी कुरकुर बंद झाली तेव्हा

मित्रांनो, मी श्रीवर्धनातला एक जुना पियानो. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या झाकणाच्या आत जर्मन कारखान्याचं नाव आणि साल सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, ते वाळवीने खाल्लं. तेव्हा माझं वय आता वाळवीच्या पोटात.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पियानो पाहिला नसेल, म्हणून आधी थोडं सांगतो. छातीएवढं उंच लाकडी कपाट समजा. पुढे काळ्यापांढऱ्या पट्ट्या. पट्टी दाबली की आतली लोकरीची हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. प्रत्येक तारेचं वरचं टोक एका लोखंडी खिळ्याला गुंडाळलेलं असतं, आणि तो खिळा जाड लाकडात गच्च रुतलेला असतो. खिळा किल्लीने फिरवला की तार ताणते किंवा सैल होते. त्यालाच सूर लावणं म्हणतात. खिळा जागचा हलला नाही, तरच सूर टिकतो. पियानोचा जीव कुठे असतो असं कोणी विचारलं, तर मी या खिळ्यांकडे बोट दाखवीन. बोट नाही ही गोष्ट वेगळी.

मी या घरात आलो तो लग्नात. नवरीचं नाव तैयबा. तिचे वडील बोटीवर खानसामा होते. शिकायला म्हणून तिला माझगावला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, ठेवलं होतं, आणि तिथे शेजारच्या एका गोवेकर बाईंनी तिला पियानो शिकवला. त्या बाई कायमच्या गोव्याला निघाल्या तेव्हा मला तिच्या पदरात टाकून गेल्या. पुढे तैयबाचं लग्न श्रीवर्धनच्या मोहम्मदशी ठरलं. तिने एकच अट घातली, की पियानो तिच्याबरोबर येईल.

तेव्हा मुंबईहून बोट यायची. बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. मला पडावात उतरवताना खलाशांनी ज्या शिव्या हासडल्या, त्या लहान मुलांना सांगण्यासारख्या नाहीत. मग वाळूवर मला बांबूंना बांधलं आणि सुपारीच्या वाड्यांमधून वरात निघाली. "हा जनाजा कोणाचा रे?" असं एका म्हातारीने विचारलंसुद्धा. पुढच्या बांबूला खांदा होता खुद्द नवरदेवाचा. वडीलधारे रागावले, की नवऱ्या मुलाने असली हमाली करायची नसते. मोहम्मद म्हणाला, "माझ्या बायकोचं सामान हाय. मी न्हाय उचलायचं तर कोण उचलणार?" त्या क्षणापासून मी त्याचाही झालो.

खरं सांगायचं तर मोहम्मदला सुरातलं ओ की ठो कळत नाही. तैयबा एकच गत रोज वाजवायची, आणि तो रोज विचारायचा, "आज नवीन काय वाजवलंस?" पण ती वाजवायला बसली की तो ओटीवर सुपारी सोलत बसणार म्हणजे बसणारच. कोणी बोलायला आलं की ओठावर बोट ठेवून त्याला खाली बसवणार. ईदला पाहुणे आले की शिरखुर्म्याच्या आधी मला दाखवणार. मी काय, फुलून जायचो. कौतुक कोणाला नको असतं?

मग हफ्सा जन्मली, आणि माझे वाईट दिवस आले. तिचं दुपटं माझ्यावर, तिची बाटली माझ्यावर, पुढे तिची दप्तरं माझ्यावर. उन्हाळ्यात पापडांचे डबे माझ्यावर. तैयबा येताजाता माझ्या झाकणावर हात ठेवायची, पण बसायला तिला सवड नव्हती. वर्षं गेली. हफ्सा मोठी झाली, लग्न होऊन कुवेतला गेली, तेव्हा कुठे माझ्यावरचे डबे उतरले. तैयबा परत बसली आणि पहिल्या दिवशी ती वाजवता वाजवता रडली. मी तिला काही म्हणू शकलो नाही. दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे माझं जन्माचं दुखणं आहे.

निसर्ग वादळ तर तुम्ही ऐकलं असेल. त्या दिवशी आमच्या वाडीतली सुपारी काडीसारखी मोडत होती. त्या वाडीवर हे घर जेवत होतं. छपरावरचे पत्रे गेले आणि पाऊस थेट घरात आला. मोहम्मदने होडीवरची ताडपत्री आणून माझ्यावर टाकली, आणि ती उडू नये म्हणून मला दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिला. तैयबा म्हणाली, "अहो, वाडीकडे तरी बघा." तो म्हणाला, "वाडी परत लावता येईल. हा भिजला तर परत कुठून आणू?" माणूस कसा आहे ते तुम्हाला कळावं म्हणून हे सांगतोय. पुढे जे झालं ते ऐकताना हे विसरू नका.

वादळानंतर एका रविवारी दारात मृणाली उभी राहिली. उरणकडची मुलगी, घरची मिठागरं होती, आता भावांचे ट्रक आहेत. इथल्या बँकेत बदली होऊन आलेली. रस्त्यावरून जाताना तिला माझा आवाज आला म्हणे. पाठीला व्हायोलिनची पेटी होती. "खाला, मी आत येऊ का?" एवढंच तिने विचारलं, आणि मग दर रविवारी येत राहिली.

त्या दोघी तीन सोनाटा वाजवायच्या. दोनअडीचशे वर्षांपूर्वी युरोपात ही तऱ्हा फार होती. सोनाटा म्हणजे तीन भागांची लांब रचना, एक भाग धावता, एक संथ, एक खेळकर. आणि बरं का, त्या काळी या सोनाटा पियानोसाठी म्हणूनच लिहीत, सोबतीला व्हायोलिन. म्हणजे नवरदेव मी आणि व्हायोलिन माझी करवली. हल्ली व्हायोलिनवाले हे सोयीस्करपणे विसरतात. मृणाली मात्र विसरायची नाही. माझा सूर समुद्राच्या हवेने थोडा उतरलेला असला, तर ती आपल्या तारा सैल करून माझ्यापर्यंत खाली यायची. कोणासाठी असं खाली येणं सोपं नसतं.

मग तैयबाची बोटं दुखायला लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. अलिबागच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. गोळ्या चालू झाल्या, पण बोटं आखडत चालली आहेत आणि हे थांबेल असं काही सांगता येत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. तैयबाने घरी येऊन ते मोहम्मदला सांगितलं, आणि त्याने दुपारचं जेवण तसंच ताटात ठेवलं.

त्या रविवारी ती मृणालीला म्हणाली, "आपल्या तिन्ही सोनाटा एकदा रेकॉर्ड करूया. हफ्साला लहानपणी ऐकवायला जमलं नाही, तिच्या पोरींना तरी ऐकवीन. आणि खरं सांगू का? मलाच ऐकायच्यात. वाजवणाऱ्याला स्वतःचं कधी नीट ऐकू येत नाही. हात गेल्यावर निदान कान तरी असतील."

मृणालीने नवी मुंबईतल्या मितेशला गाठलं. लग्नाच्या व्हिडिओंना आवाज जोडणारा मुलगा, पण माइक चांगले होते आणि जीव लावून काम करणारा होता. माझे सूर लावायला मुंबईहून दत्तात्रेय आले. वयस्कर, कमी बोलणारे, हातात ती जड किल्ली. अख्खा दिवस त्यांनी माझ्याशी झुंज घेतली. माझे खिळे गंजलेले. प्रत्येक खिळा फिरताना असा कुरकुरायचा की मलाच लाज वाटावी. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मोहम्मद दारात उभा राहून हे सगळं बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

काम संपल्यावर दत्तात्रेय म्हणाले, "सूर चांगला धरलाय. उद्या दिवसभर हलायचा नाही. आलोच आहे तर मी सकाळी हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन येतो." आणि ते लॉजवर गेले.

मितेश मात्र घरभर कान लावून फिरत होता. "अंकल, माइक सगळं पकडतो हां. हा झोपाळा, ती खिडकी, गेट, सगळं कुरकुरतंय. जे जे कुरकुरतं ना, ते ते गप्प करा. मग एकदम मस्त रेकॉर्डिंग."

मोहम्मदला आयुष्यात पहिल्यांदा तैयबाच्या संगीतात काही काम मिळालं होतं. तुम्ही त्याचा चेहरा बघायला हवा होता. आमच्याकडे कुरकुरीला औषध एकच, घरच्या नारळाचं खोबरेल तेल. दार अडकलं, तेल. कात्री अडली, तेल. पोराचा कान दुखला, कोमट तेल. त्याने कुपी भरून घेतली. फाटकाची बिजागरी झाली, झोपाळ्याच्या कड्या झाल्या, खिडक्या झाल्या, विहिरीवरचा रहाट झाला. शेजाऱ्यांच्या फाटकालाही तो तेल घालून आला. त्यांना म्हणाला, "उद्या तैयबाचं रेकॉर्डिंग हाय, दुपारपर्यंत मिक्सर नको." अख्खी आळी कबूल झाली.

तैयबा आणि मृणाली आतल्या खोलीत बोटं शेकत बसल्या होत्या. संध्याकाळच्या उन्हात मोहम्मद माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने माझ्या पायाशी वाकून, पायाने दाबायच्या पेडलला तेल घातलं. तिथवर काही बिघडलं नाही, मला बरंच वाटलं. मग तो उठला, माझं वरचं झाकण उघडलं, आणि आत वाकून बघत म्हणाला, "केवढा गंज रे चढलाय तुला. त्या बिचाऱ्याला किती जोर लावायला लागला."

आणि मला कळलं, आता काय होणार ते.

मित्रांनो, ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. एखादी तार तोडून घेता आली असती तर तीही तोडली असती, आवाजाने तो दचकून थांबला असता. पण आम्ही पडलो लाकूडलोखंड. तो स्वयंपाकघरात गेला, तेल कोमट करून घेऊन आला, आणि एकेका खिळ्याच्या मुळाशी, लहान मुलाच्या कानात सोडावं तसं, थेंब थेंब सोडत गेला. मध्ये थांबून फडक्याने खिळा पुसायचा. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, दुआ असावी. त्याला काय ठाऊक की तो घट्टपणा, ती कुरकुर, तोच माझा सूर होता? माझं लाकूड वर्षानुवर्षांचं तहानलेलं. ते पीत गेलं. मारणाऱ्याचा हात धरावा असं वाटतं, पण प्रेमाने फिरणारा हात कोणी कसा धरायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी खरंच चिडीचूप होती. तैयबाने माझं झाकण उघडलं आणि क्षणभर थांबली. तिला वास आला होता. तिने ओटीकडे पाहिलं, तिथे मोहम्मद पांढरा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. तिने पट्ट्यांवर हात ठेवले.

मितेशने बोट वर केलं आणि आम्ही सुरू झालो. अहाहा, काय सांगू तुम्हाला. तिची बोटं त्या दिवशी दुखणं विसरली होती. मृणालीचं व्हायोलिन माझ्या शेजारून असं चाललं होतं, जणू एकाच घरातली दोन भावंडं एकमेकांचं वाक्य पुरं करताहेत. धावता भाग अर्ध्यावर आला. मला वाटलं, निभावलं. आणि तेवढ्यात मधला एक खिळा सुटला. मला तो सुटताना कळला. मी त्याला धरून ठेवायला बघितलं, पण तेलकट हातातून मासा सुटावा तसा तो गेला. सूर घसरला. पाठोपाठ दुसरा, मग त्याच्या शेजारचा.

मृणालीने वाजवता वाजवताच स्वतःच्या बोटाने सूर खाली ओढला, माझ्यापर्यंत यायला. पण मी एका जागी थांबलो असतो तर ती आली असती ना. मी तर प्रत्येक तारेत वेगवेगळा बुडत होतो. शेवटी तैयबाने हात उचलले.

"मॅडम, पियानोला काय झालं?" मितेशने हळूच विचारलं.

दत्तात्रेयांना फोन गेला. कपाळावरचं गंध ओलं असतानाच ते येऊन पोहोचले. त्यांनी किल्ली लावली. काल ज्या खिळ्याने त्यांचा घाम काढला, तो आज करंगळीने फिरवावा तसा फिरला, आणि किल्ली काढताच परत मागे आला. त्यांनी बोट फिरवून नाकाजवळ नेलं. मग ते वळले. दारात मोहम्मद चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"हे कोणी..." दत्तात्रेय बोलायला लागले.

"खारी हवा, भाऊ," तैयबा मध्येच म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "समुद्र जवळ आहे ना. खाऱ्या हवेने होतं असं."

दत्तात्रेयांनी तिच्याकडे पाहिलं. मग ट्रेकडे, आणि तो धरलेल्या म्हाताऱ्या हातांकडे. "हो," ते म्हणाले, "खारी हवा. वाईटच असते."

मृणालीलाही तोवर सगळं कळलं होतं. ती व्हायोलिन पुसत बसली, आणि पुसून झालं तरी पुसतच राहिली. मोहम्मदने सगळ्यांना चहा दिला आणि विचारलं, "मग आता हो कसं? नीट व्हईल ना?"

नीट होण्यासारखं नव्हतं. खिळे रुततात ते लाकूडच तेल प्यायलं होतं. दत्तात्रेयांनी मृणालीला फाटकापाशी सांगितलं, की मुंबईला नेऊन सगळ्या तारा उतरवाव्या लागतील, नवं लाकूड बसवावं लागेल, आणि वर्ष तरी जाईल. तैयबाच्या बोटांजवळ वर्ष कुठे होतं? तरी त्यांनी दुपारपर्यंत खटपट केली. एक सूर लावावा तर दोन उतरायचे. करून करून भागले. मितेशने कीबोर्ड आणायचं सुचवलं. तैयबा त्याच्यावर हसली नाही, त्याला म्हणाली, "बाळा, तू मनापासून सांगतोयस. पण त्याच्यावर माझे हात बसत नाहीत." दुपारी तिची बोटं सुजली आणि माइक गुंडाळले गेले.

मृणालीने हार मानली नाही. अलिबागला एका बंगल्यात मोठा पियानो आहे असं तिला कळलं होतं. मालक परदेशात. फोनवर फोन करून, ओळखी काढून तिने काही महिन्यांनी परवानगी मिळवली. ती सांगायला आली, त्या दिवशी तैयबा चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं उघडायची बंद झाली होती. मृणालीने ती बातमी सांगितलीच नाही. आल्यासारखी बसली, हफ्साच्या पोरींची चौकशी केली, आणि गेली. मी तेव्हा तिथेच होतो. मी नेहमी तिथेच असतो, त्याचा कोणाला उपयोग होत नाही.

मितेशने पाठवलेला तो अर्धवट तुकडा आता मोहम्मदच्या मोबाइलमध्ये आहे. रोज संध्याकाळी ओटीवर तो लावतो. शेवटी सूर घसरतात तिथे तैयबा डोळे मिटते, आणि तो मात्र मान डोलावत असतो. "मला तर यात काय चूक दिसत न्हाय," तो म्हणतो. "बाकीचं पण व्हईल, इन्शाअल्लाह. तुझे हात बरे होऊ दे."

आणि जुम्म्याची नमाज पढून आला की तो कुपी घेऊन माझ्याकडे येतो. तैयबा शेजारच्या खुर्चीत बसलेली असते. "तयार ठेवला पायजे याला," तो तिला सांगतो, "न्हायतर ती खारी हवा परत खाईल." झाकण उघडतो आणि एकेका खिळ्याशी थेंब सोडत जातो. पहिल्या वेळी बँकेला सुट्टी होती म्हणून मृणाली समोर होती. ती उठायला लागली, तर तैयबाने आपला आखडलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिला खाली बसवलं.

"जास्त तर न्हाय ना होत?" मोहम्मदने विचारलं.

"नाही हो," तैयबा म्हणाली. "घाला."

मित्रांनो, माझ्यासारखे जुने तुम्हाला नेहमी काहीतरी शिकवून जातात. मीही शिकवतो. ज्याला जपायचं त्याला काय हवं, ते आधी विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर ज्याला कळतं त्याला विचारा. आपल्याजवळ ज्याचं औषध आहे तेच समोरच्याचं दुखणं आहे, असं समजू नका. एवढं लक्षात ठेवलंत तर माझं वाया जाणं अगदीच वाया गेलं असं होणार नाही.

पण एक विनंती आहे, आणि ती या सगळ्यापेक्षा मोठी आहे. हरिहरेश्वरला जाताना कधी श्रीवर्धनला थांबलात, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मोहम्मदचाचांनी तुम्हाला आत बोलावलं, तर जा. ते तुम्हाला मोठ्या कौतुकाने मला दाखवतील. झाकण उघडून म्हणतील, "बघा, कसा ठेवलाय." तुम्ही बघा, आणि म्हणा, "छान ठेवलाय, चाचा." मी तुम्हाला जे सांगितलं, ते त्यांना सांगू नका.